खर्जाची पारख

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या, मूळच्या हिशेबनीस असलेल्या या गृहस्थांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा पायाच बदलून टाकला. ज्याला वाद्य वाजवता येत नाही त्याने त्याविषयी मत देऊ नये, हा आक्षेप गेल्या काही महिन्यांत आम्ही पुष्कळदा ऐकला. त्याला हे एक उत्तर पुरेसे व्हावे. (कविता न लिहिणाऱ्या समीक्षकांना हाच आक्षेप पिढ्यानुपिढ्या ऐकावा लागतो, तो भाग निराळा.) फेंडर आपले नमुने वादकांच्या हाती देत आणि त्यांच्या तक्रारी ऐकत. वाजवण्याचे कसब वेगळे आणि ऐकण्याचे वेगळे. दुसऱ्याची साधना आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते कामाच्या निमित्ताने. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळासाठी एक बेस गिटार आणि एक बेस ॲम्प्लिफायर घ्यायचा होता. मुलांचा वाद्यवृंद अभंगांना आणि मराठी कवितांना चाली लावतो, एवढ्या धाग्यावरून मराठी विभागातील आम्हा दोघांची खरेदी समितीवर नेमणूक झाली. पुढची रीत वाचकांपैकी बहुतेकांच्या परिचयाची असेल: तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर. तक्त्यात वॅट, इंच, किलो आणि रुपये असे रकाने होते. आवाजाचा रकाना नव्हता. पुस्तकांची खरेदी पृष्ठसंख्येवरून करण्यासारखाच हा प्रकार म्हणावा लागेल. अर्थात तसेही घडतेच.

आमचे म्हणणे असे, की बेसची तुलना दुकानात आणि परीक्षणांत ज्या रीतीने केली जाते, ती बहुतांशी भलत्याच गोष्टीची तुलना असते. बेस हे साथीचे वाद्य आहे. ते एकटे ऐकून त्याची पारख करणे म्हणजे नाटकातील एका पात्राची वाक्ये तेवढी सलग वाचून त्या पात्राविषयी निर्णय देणे होय.

प्रथम दुकानाचा विचार करू. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. हवेत त्याच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये चार मीटर अंतर असेल, तर तेथे ४३ कंपनांच्या आगेमागे असणारा स्वर आपोआप घुमू लागतो. तो भिंतीलगत फुगून येतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे चार मीटर रुंदीच्या दुकानात भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला जो ॲम्प्लिफायर गडगडाटी वाटेल, तोच दोन पावले पुढे येऊन ऐकणाऱ्याला कोरडा वाटेल. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि दोघेही ॲम्प्लिफायरविषयी नव्हे, खोलीविषयी बोलत असतात. आम्ही पाहिलेल्या एका दुकानात दोन ॲम्प्लिफायर तुलनेसाठी मांडले होते. एक कोपऱ्यात जमिनीवर, दुसरा भिंतीपासून दूर मांडणीवर. कोपऱ्यातला अधिक भरदार वाटत होता, आणि महागही तोच होता. यामागे हेतू होता की केवळ जागेची अडचण, याचा निर्णय आम्ही करीत नाही.

दुसरा दोष मोठेपणाचा. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर विशेष कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते झपाट्याने वर येतात. त्यामुळे दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते नुसतेच मोठे नव्हे, तर अधिक सखोल आणि संपन्नही वाटते. पट्टी समान न करता केलेली तुलना म्हणूनच निकालात काढली पाहिजे. वॅटच्या रकान्याचीही तीच गत. शंभर वॅटच्या जागी दोनशे आले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही समजूत आमच्या समितीत सार्वत्रिक होती. वस्तुतः दुपटीने वाढतात ती तीन डेसिबल. कानाला दुप्पट मोठे वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. स्पीकरचा आकार, त्याची पेटी आणि मिळालेल्या विजेचा तो किती आवाज करतो, यांवर पुष्कळ अधिक अवलंबून असते. १९६९ साली अँपेग कंपनीने काढलेल्या एसव्हीटी या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे वॅट आणि चौदा व्हॉल्व्ह होते. आठ स्पीकरांच्या कपाटाशिवाय नुसत्या वरच्या खोक्याचे वजनच सुमारे ३८ किलो. रोलिंग स्टोन्ससारख्यांच्या सोबतीला हमाल असतात. आमचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. आज तेवढ्याच किंवा अधिक वॅटचे काही किलो वजनाचे ॲम्प्लिफायर मिळतात, याबद्दल जुन्या आवाजाच्या भक्तांनी नाक मुरडले तरी आमच्या शिपाईमंडळींनी निःश्वास टाकला.

यंत्राच्या कर्त्याचा हेतूही निर्णायक नसतो. फेंडर यांनी बेससाठी म्हणून १९५२ साली ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढला. पन्नासच्या दशकाच्या मध्यास त्याला दहा इंची चार स्पीकर बसवलेले रूप आले, आणि ते बेसवाल्यांपेक्षा साध्या गिटारवाल्यांनाच अधिक मानवले. पुढे लंडनच्या मार्शल यांनी साठच्या दशकाच्या आरंभी आपला पहिला ॲम्प्लिफायर बेतला तो त्याच आराखड्यावरून. एखादी संहिता ज्या वाचकासाठी लिहिली त्याच्याऐवजी दुसऱ्याच्याच हाती फळाला येते, तसेच हे.

आता सर्वांत बोलके उदाहरण. बेसच्या आवाजाचा मानदंड म्हणून ज्यांचे नाव जाणकार हमखास घेतात ते जेम्स जेमर्सन डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे पगारी वादक होते. त्यांच्याजवळ १९६२चा प्रिसिजन बेस होता. त्यावर जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या तारा होत्या. त्या ते शक्यतो बदलतच नसत. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की दुसऱ्याला ते वाद्य वाजवणे अवघड जाई. तारांच्या बुडाशी स्पंजचा तुकडा होता, त्यामुळे आस आखूड. उजव्या हाताची केवळ तर्जनी ते वापरीत. आणि स्टुडिओत त्यांचा बेस बहुतेक वेळा थेट ध्वनिमुद्रणाच्या मेजाला जोडलेला असे. मध्ये ॲम्प्लिफायर नाहीच. हे वाद्य आजच्या कोणत्याही दुकानातील चाचणीत नापास झाले असते: वाजवायला जड, स्वर लगेच विझणारा, नव्या तारांची झळाळी नाही. परंतु ढोल, पियानो, तंतुवाद्ये आणि गायक यांच्यामध्ये त्याची जागा अशी पक्की बसते, की गाण्यातून ते काढून टाकले तर गाणे उभेच राहणार नाही. एवढे करूनही श्रेयनामावलीत त्यांचे नाव ठळकपणे आले ते मार्व्हिन गे यांच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेवर. पायातील दगडांची नावे कोण विचारतो!

जेमर्सन यांचे वाद्य विकत घेतल्याने जेमर्सन यांचा आवाज मिळत नाही, हे तर उघडच. पण त्यांच्या उदाहरणातून पैशाच्या वाटणीविषयीही काही सुचते. तारा जुन्या की नव्या, गुळगुळीत की खरखरीत, बोटे कोठे पडतात, वाद्याची जुळणी नीट आहे की नाही, यांनी पडणारा फरक मध्यम आणि महागड्या गिटारमधील फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. तेव्हा मध्यम दराची गिटार घ्यावी, तिची जुळणी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी, तारांचे दोन संच जवळ ठेवावेत आणि उरलेला पैसा स्पीकरवर घालावा, असे आमचे मत झाले. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर बेस भागवून नेण्याची काटकसर मात्र करू नये. त्याचा स्पीकर या ताणासाठी केलेला नसतो आणि लवकरच फाटतो.

आमची खरी चाचणी झाली ती मुलांच्या तालमीत. उसने मागून दोन बेस आणले: एक प्रिसिजनच्या घाटाचा, दुसरा १९६०च्या जॅझ बेसच्या घाटाचा. पहिल्यात आवाज टिपणारा दुभंगलेला पण एकच संच असतो. दुसऱ्यात दोन वेगळे संच असतात, आणि दोन्ही पूर्ण उघडले की आवाजाचा मधला पट्टा काहीसा पोकळ होऊन तळ आणि टोक उजळतात. एकट्याने ऐकताना बहुतेकांचा कौल दुसऱ्याला पडला. तो अधिक नेटका, अधिक सुशिक्षित वाटत होता. मग तबला, पेटी, टाळ आणि गिटार सुरू झाले. डग्ग्याचा आणि बेसचा मुक्काम पुष्कळसा एकाच ओसरीवर असतो. टाळ वरची सगळी जागा व्यापून टाकतात. बेसला मोकळा राहतो तो मधला पट्टा, आणि नेमका तोच येथे उणा होता. बेस वाजवणारी आमची विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, “सर, हा छान वाजतो, पण ह्याच्यात मी ऐकूच येत नाहीये.” तुलनेच्या शास्त्रावर आम्ही वाचलेल्या पुष्कळ मजकुरापेक्षा हे वाक्य मोलाचे आहे. (दोन्ही संचांपैकी एकाचा आवाज थोडा उतरवल्यावर दुसरा बेसही बराच सुधारला, हेही नोंदवले पाहिजे. त्याची मान निमुळती असल्याने तिच्या हाताला तोच सोयीचा होता.)

राहिला प्रश्न शब्दांचा, आणि आमच्या दृष्टीने तोच जिव्हाळ्याचा. बेसच्या परीक्षणांची भाषा इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली असते. आवाज ‘वॉर्म’ आहे, ‘पंची’ आहे, ‘टाइट’ आहे. मुलेही हेच शब्द वापरतात, आणि दोघांना नेमके विचारले तर ‘वॉर्म’चे दोन अर्थ निघतात. खालच्या स्वरांविषयी बोलायला मराठीला उसनवारी करण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची जवारी लावणारा, डग्गा मिळवणारा आणि कुंभाराकडे मडके टिचकीने वाजवून घेणारी बाई, या सगळ्यांनी मिळून केवढा शब्दसंचय जमवला आहे! आवाज बोदा असतो, बद्द असतो, बसका असतो, पोकळ असतो, भरीव असतो, ठसठशीत असतो. स्वराला आस असते, घुमारा असतो, गाज असते. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सर्वत्र आनंद झाला. पण तेथील कारागीर घोडीवर दोरा सरकवीत असताना जे ऐकतो आणि ज्या शब्दांत ते सांगतो, त्याचा वारसा तंबोऱ्यापुरताच राहावा असे थोडेच आहे? ‘आस आखूड, पण ठसा स्पष्ट’ असे जेमर्सन यांच्या बेसविषयी म्हटले, की ऐकणाऱ्याला काय ऐकायचे ते कळते. ‘बद्द’ आणि ‘बोदा’ यांतील भेद एकदा मुलांना वाद्यावर ऐकवून पाहावा. बद्द आवाजात फट असते; बोद्या आवाजाला धार नसते. पहिल्यासाठी वाद्य दुरुस्तीला न्यावे लागते, दुसऱ्यासाठी बहुधा नव्या तारा पुरतात. असे शब्द केवळ शोभेचे नसतात. ते खर्च वाचवतात.

यावर आमच्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा, की कंपनसंख्या, डेसिबल असे नेमके आकडे उपलब्ध असताना घुमारा आणि गाज यांची धुसर भाषा कशाला? आकड्यांना आमचा विरोध नाही. खोलीचा आणि वॅटचा भ्रम आकड्यांनीच दूर केला. पण आठ स्पीकरांचे ते नावाजलेले बंदिस्त कपाट ४१ कंपनांच्या मूळ स्वराशी पोहोचेपर्यंत बरेच मंदावलेले असते; वरच्या उपस्वरांवरून आपला कानच खालचा स्वर रचून घेतो. मोजमापाच्या पट्टीवर जे क्षीण आहे ते श्रोत्याला दमदार वाटते. तेथे श्रोत्याची साक्ष काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि साक्ष भाषेतच द्यावी लागते.

म्हणून समितीला सादर केलेल्या टिपणात आम्ही तक्त्याला तीन रकाने जोडले: आस, ठसा आणि शेवटच्या रांगेतून स्पष्टता. दोन्ही ॲम्प्लिफायर सभागृहात, एकाच जागी, सारख्या आवाजावर, पडद्याआड ठेवून वाजवावेत. तेच कडवे, तीच वादक, सोबत पूर्ण वाद्यवृंद. ऐकणाऱ्यांनी निदान एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसावे, आणि प्रत्येकाने आपले मत शेजाऱ्याशी न बोलता कागदावर लिहावे, एवढ्या अटी घातल्या. तालीम पूर्ण तासाभराची ठेवावी, कारण पहिल्या पाच मिनिटांत झळाळी जिंकते आणि नंतर तीच कानाला बोचू लागते. टिपण मंजूर झाले. लेखा विभागाने मात्र ‘ठसा’ या रकान्यापुढे मोजमापाचे एकक लिहून पाठवण्यास कळवले आहे.