यादीत नसलेले गाव

कागदी अर्जावर ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ अशी अक्षरे असत आणि पुढे ठिपक्यांची ओळ. अर्जदार आपल्या हाताने गावाचे नाव लिही. अक्षर वेडेवाकडे असले तरी कारकुनाला ते वाचावेच लागे. आता अर्ज पडद्यावर आला आणि ठिपक्यांची ओळ गेली. तिच्या जागी आलेल्या रकान्यावर बोट टेकवले की खाली यादी उलगडते. संगणकाच्या भाषेत हिला ‘ड्रॉपडाऊन’ म्हणतात. यातून निवडायचे, लिहायचे नाही. सोय मोठी आहे. पण यादीत जे नाही, ते अर्जापुरते अस्तित्वातच नाही! म्हणूनच ही यादी येते कुठून आणि तिला जबाबदार कोण, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहत नाही.

महाभूलेखवर सातबारा पाहणाऱ्याला हा क्रम पाठ झालेला असतो. आधी महसूल विभाग, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. नाशिक जिल्हा निवडला की पंधरा तालुके समोर यावेत, निफाड निवडले की निफाडचीच गावे. अशी यादी तयार करण्याच्या दोन रीती आहेत. एक आळशाची : प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सारी नावे त्यातच टंकून ठेवायची. दुसरी शहाण्याची : अर्ज उघडताच प्रोग्रॅमने मूळ साठ्याकडे विचारणा करायची आणि तेथून आलेली नावे रकान्यात भरायची.

फरक कळतो तो बदल झाल्यावर. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. २०२४ मध्ये आपल्याच विभागातील अहमदनगर अहिल्यानगर झाले. मूळ साठा एक असेल तर दुरुस्ती एकदाच. नावे टंकलेली असतील तर जितके अर्ज तितक्या दुरुस्त्या, आणि एखादी राहिली की अर्जदाराच्या दोन कागदांवर दोन जिल्हे!

यावर तोड जुनीच आहे. पडद्यावर नाव दिसावे, पण आत साठवला जावा तो अंक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा अंक २७, नाशिक जिल्ह्याचा ५१६. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावागावाला असा अंक आहे. टपाल खात्यात श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने हेच ओळखले होते. सारख्या नावांची गावे आणि पत्त्यांच्या नाना भाषा यांवर उपाय म्हणून त्यांचा सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. नाव बदलते, अंक टिकतो.

कुणी म्हणेल, मग पूर्वीसारखे लिहूच द्या ना! तेही खरे नव्हे. एकाने ‘नाशिक’ लिहिले, दुसऱ्याने ‘नासिक’, की यंत्राच्या हिशेबी दोन शहरे होतात. यादी हवीच. पण ती माणसाच्या बोलण्याला ओळखणारी हवी. सटाण्याचा माणूस तालुक्यांत ‘सटाणा’ शोधतो; दप्तरी तालुक्याचे नाव मात्र बागलाण. दोन्ही नावांनी तोच तालुका सापडायला हरकत कसली?

रकाना दुसरीकडच्या नोंदीवर विसंबला की काय होते, हे कांदा उत्पादकांनी अनुभवले आहे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या रांगड्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून झालेली कांद्याची नोंद मागितली गेली. ही पाहणी राज्यभर सुरू झाली ती २०२१ मध्ये. पुष्कळांची नोंद झालीच नव्हती. कांदा शेतात पिकला, बाजार समितीत विकला, पण दप्तरात उगवला नाही! शेवटी समितीने पाहणी करून दाखला देण्याची वाट काढावी लागली. यंत्राने अडवलेले काम माणसाच्या डोळ्यांनीच सोडवले.

म्हणून मागणे मोठे नाही. प्रत्येक सरकारी यादी एकाच मूळ साठ्यातून यावी आणि ती कोणत्या तारखेची आहे, हे तिच्याखालीच छापलेले असावे. मूळ साठा बंद पडला तर रिकामा रकाना दाखवण्याऐवजी शेवटची बरोबर प्रत दाखवावी. आणि यादीच्या तळाशी ‘माझे गाव यात नाही’ अशी एक ओळ असावी. ती निवडताच अर्ज अडू नये. तो नेमलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जावा आणि त्याने ठरल्या मुदतीत उत्तर द्यावे.

गावे यादीसाठी वसलेली नाहीत. यादीत चूक असेल, तर हेलपाटे यादी सांभाळणाऱ्याने घालावेत, अर्जदाराने नव्हे.