"रक्तातच राजकारण आहे" म्हणणाऱ्यांनी हे लॉर्ड साहेब वाचावेत

निवडणूक जवळ आली की टपरीपासून स्टेजपर्यंत एक वाक्य फिरायला लागतं, "राजकारण त्यांच्या रक्तातच आहे." त्यावर कुणी तोंड उघडलं की पुढचं उत्तर तयारच असतं. अहो, इंग्लंडात बघा, लॉर्ड लोकांनी पिढ्यान् पिढ्या कारभार केला, म्हणून तर एवढं साम्राज्य उभं राहिलं!

बरं, चला इंग्लंडातच जाऊ. आणि घराण्यातला एखादा ढ माणूस निवडत नाही, नाहीतर म्हणाल मुद्दाम सोयीचा शोधला. चांगला हुशारच घेऊ.

रॉबर्ट सेसिल, सॅलिसबरीचे तिसरे मार्क्विस. जन्म १८३०, हॅटफिल्ड हाऊस नावाच्या वाड्यात. पूर्वज पहिल्या एलिझाबेथ राणीचे मुख्य सल्लागार, म्हणजे घराणं तीनशे वर्षं सत्तेच्या ओसरीवर बसलेलं. हे साहेब तीन वेळा पंतप्रधान झाले, मिळून १३ वर्षांहून जास्त. तेही लॉर्डांच्या सभागृहात बसून, जिथं जायला त्या काळी मत मागावं लागत नसे, वडील वारावे लागत.

त्याआधी ते खालच्या सभागृहात खासदार होते, १८५३ ते १८६८, स्टॅमफर्डचे. ही जागा त्यांच्याच नात्यातल्या दुसऱ्या एका मार्क्विसच्या मुठीत होती. १५ वर्षांत त्यांच्यासमोर एकदाही कुणी उभं राहिलं नाही. प्रत्येक वेळी बिनविरोध! आपल्याकडे बिनविरोध झालं की गुलाल उधळून "गावाची एकी" असा फ्लेक्स लागतो. स्टॅमफर्डमध्ये एकी-बिकी काही नव्हती, जमीन कुणाची होती एवढाच प्रश्न होता.

आता हुशारीचं. तरुणपणी ते धाकटे होते, इस्टेट थोरल्या भावाकडे जाणार होती. १८५७ साली त्यांनी एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिनाशी, लग्न केलं. वडिलांना ते पसंत नव्हतं आणि हात आखडला. मग घर चालवायला साहेब लिहू लागले. 'सॅटर्डे रिव्ह्यू', 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' यांत ढीगभर लेख, आणि लेखणी अशी की स्वपक्षाच्या डिझरायलीलाही सोडलं नाही. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला हे सॅलिसबरी मनापासून आवडतात. पण लक्षात घ्या, रक्त तेव्हाही तेच होतं. लेखणी चालली ती खिसा रिकामा होता म्हणून. १८६५ साली थोरला भाऊ वारला, साहेब वारस झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, थेट भारतमंत्री.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा.

जुलै १८६६. ओरिसात दुष्काळ पेटलेला. कलकत्त्याचे अधिकारी म्हणत होते, काळजीचं कारण नाही. साहेबांनी विश्वास ठेवला आणि दोन महिने काहीच केलं नाही. तोवर पावसाळ्यानं ओरिसाची बंदरं बंद पडली, धान्य पोचवायची वाट राहिली नाही. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली. हा दोष आपल्या अंगावरून कधी गेला नाही असं पुढं त्यांनी स्वतःच कबूल केलं. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या किती जणांत आहे ते तुम्हीच सांगा.

पण राजीनामा? दिला ना! मार्च १८६७ मध्ये दिला. मात्र ओरिसासाठी नाही. शहरातल्या कामगारांना मताचा हक्क देणारं विधेयक त्यांच्याच सरकारनं आणलं, ते सहन झालं नाही म्हणून दिला. आणि १८७४ साली परत त्याच भारतमंत्र्याच्या खुर्चीत! ओरिसातल्या कुणाला मत होतं की त्यानं जाब विचारावा?

या दुसऱ्या खेपेला त्यांनी लिहिलं की हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे तर जिथं रक्त साचलंय तिथून काढा, आधीच अशक्त झालेल्या शेतकऱ्याच्या अंगातून नको. शेतकऱ्याची कणव आहे यात, नाकारत नाही. पण रक्त काढायचं हे गृहीतच! दादाभाई नौरोजींनी हेच वाक्य पुढं वर्षानुवर्षं इंग्रजांच्या तोंडावर मारलं. याच काळात सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आली. इथल्या पोरानं १९ च्या आत लंडनला जाऊन परीक्षा द्यायची. दार उघडं, फक्त उंबरा छातीएवढा.

दादाभाई १८८६ साली लंडनच्या हॉलबॉर्नमधून उभे राहिले आणि पडले. १८८८ मध्ये पंतप्रधान सॅलिसबरी एडिंबराच्या सभेत बोलून गेले की इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देईल असा काळ अजून आलेला नाही. दादाभाई साहेबांपेक्षा गोरे आहेत अशी टिंगल तिथंच झाली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही दादाभाईंचं नाव कळलं. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, अवघ्या ५ मतांनी. त्याच निवडणुकीनंतर सॅलिसबरींचं सरकार गेलं. दारोदार मतं मागितली होती ती मुंबईच्या या प्राध्यापकानं. साहेबांना जन्मात ती वेळ आली नव्हती.

साहेब १८९५ ला परत आले. १९०० च्या मंत्रिमंडळाची यादी बघा. भाचा आर्थर बाल्फोर खालच्या सभागृहाचा नेता, दुसरा भाचा जेराल्ड व्यापार खात्यावर, जावई आरमारावर, थोरला मुलगा परराष्ट्र खात्यात उपमंत्री. लंडनच्या 'हॉटेल सेसिल'वरून लोकांनी सरकारचंच नाव 'हॉटेल सेसिल' ठेवलं. आपल्याकडे हॉटेलं कमी नाहीत, नावं मी लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत.

१९०२ साली मामा उठले, भाचा पंतप्रधान झाला. मध्ये सार्वत्रिक निवडणूक वगैरे नाही. ती झाली १९०६ साली, आणि ईस्ट मँचेस्टरच्या मतदारांनी आर्थर बाल्फोरना त्यांच्याच मतदारसंघात पाडलं. २० वर्षांची जागा होती.

तर पुढच्या वेळी लॉर्डांचं उदाहरण देताना स्टॅमफर्डचं देताय की मँचेस्टरचं, तेवढं आधी सांगा. मग बोलू.