नाकावर पत्रा ठोकला म्हणून गाडी पळत नाही, भाऊ!

टर्बो गाडीचा बंपर कापायचा, आत चकचकीत ॲल्युमिनियमचा भला मोठा इंटरकूलर ठोकायचा, तो लांबून दिसेल याची काळजी घ्यायची आणि त्याला ‘प्रोजेक्ट कार’ म्हणायचं. पुण्या-मुंबईची ही साथ आता चाळीसगाव-पाचोऱ्याकडेही पोचली आहे. हौसेला माझा विरोध नाही. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने गाडी उघडून शिकणारं पोरगं मला रात्रभर रील बघणाऱ्यापेक्षा शंभर पटीने आवडतं. माझा राग आहे तो या पोरांना पत्रा विकून इंजिनिअरिंग विकल्याचा आव आणणाऱ्यांवर, आणि हे सगळं बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या यंत्रणेवर.

आधी साधी गोष्ट. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं की नाही? हवा दाबली की तापते. टर्बो तेच करतो, फक्त फार जोरात. तापलेली हवा विरळ होते. ती थंड करून पुन्हा घट्ट करायची, एवढंच इंटरकूलरचं काम. तो ताकद तयार करत नाही. टर्बोने केलेली कमाई उष्णतेत वाया जाऊ देत नाही.

आता हिशेब करू. आपल्याकडे मे महिन्यात ४० डिग्री म्हणजे बरा दिवस. ही हवा टर्बोने १ बार बूस्टला दाबली आणि टर्बोचा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर ती साधारण १३८ डिग्रीला बाहेर पडते. गाडीतला मूळ इंटरकूलर त्या ९८ डिग्रीच्या वाढीतली ७० टक्के उतरवतो असं धरा. इंजिनात जाते ६९ डिग्रीची हवा, आणि ती आधीपेक्षा सुमारे २० टक्के घट्ट असते. आता तुम्ही महागडा आणलात, ८० टक्के उतरवणारा. हवा आली ६० डिग्रीवर. म्हणजे हवेत आणखी जेमतेम ३ टक्क्यांची भर. त्यासाठी पन्नास-साठ हजार मोजायचे आणि वर ‘गाडी रॉकेट झाली’ असं स्टेटस ठेवायचं? रॉकेट नाही, खिसा हलका झाला.

बूस्ट वाढवला, तर गोष्ट वेगळी. जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता, तिथे मूळ इंटरकूलर कमी पडू शकतो. पेट्रोल गाडीत तर गरम हवेने इंजिन नॉकिंगकडे झुकतं आणि ईसीयू स्वतःच टायमिंग मागे घेऊन ताकद कमी करतो. पण म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी ठरवा किती ताकद हवी, मग बूस्ट, मग किती हवा आणि किती उष्णता, आणि सगळ्यात शेवटी इंटरकूलर. आपल्याकडे उलटं चालतं. आधी पत्रा येतो, मग ‘आता काहीतरी रिमॅप मारून द्या’.

मोठा म्हणजे चांगला, हाही भ्रमच. हवेला त्या जाळीतून, वाकड्या पाइपांतून जावं लागतं आणि वाटेत दाब पडतो. टर्बोने १५ पीएसआय दिले आणि इंजिनाला १२ च पोचले, तर ते ३ भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, म्हणजे हवा पुन्हा जास्त तापते. विकणाऱ्याला विचारा, ‘दादा, प्रेशर ड्रॉप किती?’ उत्तराऐवजी तो मापाची टेप दाखवेल.

आणि बसवणार कुठे? पुढे बसवला की तो एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या वाटेत उभा राहतो. हायवेवर शंभरने जाताना चालून जाईल. पण आपल्या वाट्याला कन्नडचा घाट आहे, भाऊ! भर दुपारी गाड्यांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना बूस्ट भरपूर, समोरून वारा नाही, आणि रेडिएटरला मिळते ती इंटरकूलरने तापवून सोडलेली हवा. मग एसी बसतो आणि टेम्परेचरचा काटा चढतो. बॉनेटखाली वर बसवलेला इंटरकूलर (जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरची नाकपुडी त्यासाठीच होती) पाइप छोटे ठेवतो, पण खालच्या इंजिनाची धग खातो. पाण्यावर चालणारा छोट्या जागेत बसतो, पण त्याला वेगळा पंप आणि वेगळा छोटा रेडिएटर लागतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे, पाण्याने थंड होणारा. हे माहीत नसलेला माणूस तुमचा बंपर कापायला निघाला असेल, तर चावी परत मागा.

आता धुराचं बोलू. डिझेल गाडीत पेडल दाबलं की मागे काळा ढग सोडायचा आणि त्याला ‘स्टेज टू’ म्हणायचं, याची लाज वाटली पाहिजे. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. हवेच्या मानाने जास्त ओतलेलं, अर्धवट जळलेलं तुमचंच डिझेल आहे ते. चांगला इंटरकूलर आणि प्रामाणिक रिमॅप असेल तर धूर कमी व्हायला हवा. आपल्याकडे वाढतो, कारण पोराला ढग हवा असतो आणि ट्यूनरला गिऱ्हाईक. तो ढग जातो शाळेसमोर, बसस्टँडवर, मागच्या स्कूटरवरच्या आईच्या आणि लेकराच्या तोंडावर. इंजिनात पिस्टन आणि टर्बो भाजतात ते वेगळंच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नीट वाचा, मालकाला! पैसे घेऊन पत्रा ठोकणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा बंपर कापत असतो. कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

पण फक्त पोरांना झोडपून भागणार नाही. सायलेन्सरवर रोलर फिरवून फोटो काढणाऱ्या साहेबांना विचारतो: तेच सायलेन्सर आणि तीच किट विकणारी दुकानं भर बाजारात आहेत, ती दिसत नाहीत का? काळा ढग सोडणाऱ्या गाडीकडे वैध पीयूसी असतं. ते कुठल्या चाचणीवर मिळालं, हे एकदा तरी तपासा.

आणि सरकारला एक सरळ प्रश्न. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवलं की आरटीओ तपासून आरसीवर नोंद करतो. इंधनच बदललं तरी रस्ता आहे, मग तपासून, मोजून, धुराच्या मर्यादेत केलेल्या बदलाला का नाही? जर्मनीत मान्यता असलेला पार्ट बसवून, तपासणी करून कागदावर नोंदवता येतो. आपल्याकडे सरसकट बंदी आहे आणि सरसकट चोरी आहे. यात नुकसान होतं ते प्रामाणिक मेकॅनिकचं. आयटीआय करून, तेलात हात घालून शिकलेला आपला माणूस मागे पडतो आणि लॅपटॉप घेऊन आलेला पाहुणा पैसे घेऊन निघून जातो.

तोवर पोरांनो, खर्च करण्याआधी एवढं करा.

१. आहे त्या इंटरकूलरच्या जाळ्या साफ करा. आपली धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतला कापसाचा तंतू निम्मी वाट अडवतात.

२. पाइप आणि क्लॅम्प तपासा. फाटक्या पाइपातून बूस्ट गळत असेल, तर लाखाचा इंटरकूलरही फुकट.

३. आजूबाजूच्या फटी बंद करा, म्हणजे समोरची हवा बाजूने न पळता जाळीतूनच जाईल. शे-दोनशेच्या फोमच्या पट्टीने होतं.

४. इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान मोजा. साधा स्कॅनरही चालतो, पण त्याला दिसणारा सेन्सर इंटरकूलरच्या आधी आहे की नंतर, ते आधी बघा. घाटातला आकडा शेजारी बसलेल्याने लिहायचा, गाडी चालवणाऱ्याने नाही.

५. एवढं करूनही हवा बाहेरच्यापेक्षा फारच गरम राहत असेल, तरच नव्याचा विचार. आणि ती गाडी रेसच्या ट्रॅकवर न्या. कोइम्बतूरला आहे, श्रीपेरुंबुदूरजवळ आहे. आपला बायपास ट्रॅक नाही. तिथे पहाटे दूधवाले असतात, म्हातारी माणसं फिरायला निघालेली असतात.

जो गॅरेजवाला आधी थर्मामीटर काढतो, त्याच्याकडे जा. जो आधी कॅटलॉग काढतो, त्याला लांबूनच रामराम.