झाकणाचं नाक

दोस्तांनो, वाण्याच्या दुकानात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना कधी नीट बघितलंय? वाणी एका कोपऱ्यात भोक पाडतो आणि लगेच समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडतो. तेल ओतायचं एकाच भोकातून, मग दुसरं कशाला? तर ते हवेसाठी. तेल बाहेर आलं की तेवढी जागा भरायला आत हवा जायला हवी. नाहीतर तेल 'डुब डुब' करत अडखळतं आणि शेवटी थांबतं.

आजच्या आपल्या वस्तूची सगळी मेख या दुसऱ्या भोकात आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या पेट्रोल टाकीचं झाकण. हसू नका! जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणणारे लोक या मूठभर झाकणासाठी महिनोन्‌महिने भंगार बाजार पालथे घालतात.

अमेरिकेत 1964 नंतर 'मसल कार' नावाच्या गाड्यांचं वेड पसरलं. मसल कार म्हणजे पैलवान गाडी. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन! त्यांची झाकणंसुद्धा तशीच ऐटबाज. फोर्डच्या मस्टँगचं झाकण गाडीच्या पाठीमागे अगदी मधोमध असायचं आणि त्यावर धावता घोडा. ते इतकं दिसायचं की चोरांच्याही डोळ्यांत भरायचं. पुढे कंपनीने ते तारेने गाडीला बांधूनच टाकलं. 1968च्या डॉज चार्जरचं झाकण तर शर्यतीच्या गाडीसारखं, टिचकीसरशी उघडणारं, बाहेरच्या पत्र्यावर चमकणारं.

आता हे डॉज नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, ती डॉज बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीशीच करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. मग फियाट आली, आणि तिचंच नाव 1974मध्ये झालं प्रीमियर पद्मिनी. डोंबिवलीच्या दोस्तांना कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान ठाऊक असेल. ते नाव याच कंपनीचं. नव्वदच्या दशकात कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 ही गाडीही बनत होती.

पद्मिनी काही पैलवान नव्हे. चार्जरचं सगळ्यात मोठं इंजिन 7 लिटरच्या वरचं, हिचं 1089 सीसी, म्हणजे जेमतेम 1.1 लिटर. पण झाकणाचं शास्त्र दोघींचं एकच.

इंजिनाजवळचा छोटा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. पेट्रोल गेलं की तिथे हवा यायला हवी. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेकदा ही हवा झाकणातल्या बारीक भोकातून आत येते. थोडक्यात, झाकण हे टाकीचं नाक! अमेरिकेत मात्र 1970 साली कॅलिफोर्नियात आणि 1971 साली देशभर नियम आला, की पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही. मग वाफ कोळशाच्या डबीत शोषून घ्यायची सोय झाली, आणि झाकणाचं नाक बंद झालं.

गंमत पुढेच आहे. समजा, कुणी जुन्या गाडीवर नव्या पद्धतीचं बंद झाकण बसवलं. मापाला बरोबर बसतं, चकाकतंही छान. गाडी ठाण्याहून निघते, घोडबंदर रस्त्याला लागते आणि काही वेळाने आचके देऊन बंद पडते. मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलतो, प्लग पुसतो, पंप बदलतो. कुणीतरी सहज झाकण उघडतं, तर 'फुस्स' आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू! टाकीत हवाच जात नव्हती हो.

हे नुसतं गाडी बंद पडण्यावर भागत नाही. हिशेब करून बघा. हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार देते. टाकीच्या आतला दाब फक्त दहा टक्क्यांनी कमी झाला, तर दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅमचा जास्तीचा भार बाहेरून पडतो. टाकीची एक बाजू 30 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद धरा. 900 गुणिले 100 ग्रॅम, म्हणजे 90 किलो! गंजून पातळ झालेला पत्रा मग आत चेपतो.

म्हणून मूळ झाकण सापडलं तर ते टाकू नये, कितीही कळकट असलं तरी. आधी बघायचं ते कशाचं आहे. लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर बहुधा जस्ताचं ओतीव किंवा पितळ. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी किंचित खरवडलं की पितळ पिवळं दिसतंच. हे कळणं महत्त्वाचं, कारण पोलादाचा गंज आम्लाने निघतो, पण जस्ताला आम्ल खाऊन टाकतं. आजीच्या चिंचेने देवघरातली भांडी लखलखतात म्हणून तोच उपाय जस्ताच्या झाकणावर केलात, तर झाकणाची चाळण होईल.

वरच्या क्रोमवर नुसते तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद पाण्यात बुडवून हलके घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. लोखंडी काथ्या मात्र नको! शोभेच्या क्रोमचा थर असतो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. खरी चमक त्याच्या खालच्या निकेलची. जस्ताच्या वस्तूवर तर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, असे तीन थर चढवतात.

थरच उडाले असतील तर प्लेटिंगवाल्याकडे जावं लागतं. ते घरी करायचं काम नव्हेच, क्रोमची रसायनं विषारी असतात. पण झाकण त्याच्या हातात देताना एक गोष्ट हात जोडून सांगायची: "काका, हे भोक बुजवू नका आणि वरची अक्षरं बफ मारून पुसू नका." प्लेटिंगवाल्याला चमक दिसते, नाक दिसत नाही. दोन-तीन दणक्यांत पन्नास वर्षांची अक्षरं सपाट होतात, आणि ती परत आणायला जगात कुठलंही यंत्र नाही.

अमेरिकेत मस्टँगची नवी झाकणं जुन्यासारखी हुबेहूब बनवून विकतात. आपल्याकडे बहुतेकदा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात उकिरडे फुंकावे लागतात. किंवा मग उल्हासनगर! तिथली जुनी कोटी ऐकली असेलच: वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलंय, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. कोटी सिंधी मंडळीच हसत हसत सांगतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी तिथे कारागिरीचं गावच उभं केलं.

आता एक नवी भानगड. झाकणाच्या आत एक वॉशर असतो, जुना असेल तर बुचाचा किंवा साध्या रबराचा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. म्हणून वॉशर तेवढा नवा, व्हायटॉनचा घ्यावा. इथे मूळपणाचा हट्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. झाकण बंद केल्यावर वॉशर कुणाला दिसत नाही. पण तो गळका राहिला तर कोकणातला पाऊस टाकीत उतरतो, आणि इथेनॉल ते पाणी ओढून घेऊन तळाशी बसतं. पंप नेमका तिथूनच ओढतो.

एवढा खटाटोप कशाला, असं बाबा विचारतील. तर 2021मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. 1974ची पहिली पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. झाकणावरून कुणी नोंदणी नाकारणार नाही, नियमात चासी, सांगाडा आणि इंजिन यांचीच बात आहे. पण मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये गेली ती गेलीच. जी गाडी कुणाच्या चाळीखाली ताडपत्रीत उभी आहे, तिचं नाव लिहिलेलं झाकण भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेलं, तर पुढे दाखवायला उरेल काय?

आणि ऐका, टाकीजवळचं कोणतंही काम मोठ्या माणसाशिवाय नाही. झाकण काढून घ्या, टाकीच्या तोंडाला तात्पुरतं दुसरं झाकण लावायला सांगा, आणि घासायचं काम गाडीपासून लांब, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीवरून सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते.

झाकण तयार झालं की भोकात बारीक तार घालून बघा, आरपार जाते का. मग बाबांना म्हणावं, शीळफाट्यापर्यंत एक चक्कर मारू या. तिथे गाडी बंद करून झाकण हळूच फिरवायला सांगा आणि कान द्या. 'फुस्स' झालं, तर भोक अजून बुजलेलंच आहे.