नवरा कामाला, बायको कॉलेजात: ब्रिटनमध्ये घरभाड्याची सरकारी मदत कुणाला मिळते, कुणाला अंगाशी येते?

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेली कुटुंबं स्विंडन, लेस्टर, साउथॉल अशा ठिकाणी आता चांगली रुळली आहेत. दुसरीकडे बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, पुणे, इंदूर, वडोदरा इथून दरवर्षी मुलं-मुली तिकडच्या विद्यापीठांत मास्टर्ससाठी जातात. या दोन वाटा कुठेतरी एकत्र येतात. मुलगा तिथे आधीपासून कामाला, लग्न होतं, आणि मुलगी स्टुडंट व्हिसावर शिकायला जाते. किंवा दोघंही तिथलेच, पण एकाने नोकरी सोडून पूर्णवेळ कोर्स धरलेला. घरात कमाई एकाची, भाडं मात्र पूर्ण. मग कुणीतरी ओळखीचा सांगतो, "अरे, कौन्सिलकडून हाउसिंग बेनिफिट मिळतं, अर्ज टाक."

हा सल्ला काहींच्या बाबतीत बरोबर असतो, तर काहींचा व्हिसाच धोक्यात आणतो. फरक कुठे पडतो, ते नीट पाहायला हवं.

मुळात ही मदत काय आहे?

आपल्याकडे घरभाडे भत्ता पगारातून मिळतो आणि त्यावर करसवलत असते. ब्रिटनमधली पद्धत वेगळी. तिथे उत्पन्न आणि बचत कमी असेल तर भाड्याचा काही भाग सरकार उचलतं, मग नोकरी असो वा नसो. वर्षानुवर्षं ही मदत हाउसिंग बेनिफिट या नावाने स्थानिक कौन्सिल देत होतं. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्यानंतर कामाच्या वयातल्या लोकांसाठी ती युनिव्हर्सल क्रेडिट या एकाच मासिक रकमेत घालण्यात आली. नवीन हाउसिंग बेनिफिट आता मुख्यतः पेन्शनच्या वयातल्या लोकांना आणि आधारगृह किंवा तात्पुरत्या निवासात राहणाऱ्यांना मिळतं. लोकांच्या तोंडी जुनं नाव राहिलं असलं तरी तरुण जोडप्याचा अर्ज जातो तो युनिव्हर्सल क्रेडिटकडेच, आणि त्यातच भाड्याचा भाग असतो.

विद्यार्थी एकटा असेल तर बहुतेकदा नाही

पूर्णवेळ विद्यार्थ्याचा खर्च शिक्षण कर्जातून भागावा, कल्याण योजनांतून नव्हे, हे तिथलं जुनं धोरण. त्यामुळे एकट्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला भाड्याची मदत साधारणपणे मिळत नाही. मूल सांभाळणारे किंवा काही अटींत बसणारे अपंग विद्यार्थी असे अपवाद आहेत.

पण जोडपं असेल तर चित्र बदलतं. दोघांपैकी एक विद्यार्थी आणि दुसरा विद्यार्थी नसेल, तर दोघं मिळून अर्ज करू शकतात. जुन्या हाउसिंग बेनिफिटमध्येही विद्यार्थी नसलेला जोडीदार दोघांसाठी दावा करू शकत असे. म्हणजे घरात विद्यार्थी आहे म्हणून दार बंद होत नाही. मात्र दोघंही ब्रिटिश नागरिक असावेत, किंवा दोघांचाही तिथे राहण्याचा आणि सरकारी मदतीचा हक्क पक्का असावा.

हिशेबात शिक्षण कर्ज कसं येतं?

गोम इथे आहे. विद्यार्थ्याला मिळणारं राहण्या-खाण्याचं सरकारी कर्ज हे उत्पन्न म्हणून धरतात. ते पुढे फेडायचं असतं, तरीही. शिवाय कर्ज मिळू शकत असताना घेतलं नाही, तरी ते घेतल्यासारखंच मोजतात. फीचं कर्ज मात्र धरत नाहीत. मोजायची रक्कम शैक्षणिक वर्षाच्या महिन्यांत वाटतात, दर महिन्याला ११० पाउंड सोडून देतात, आणि उरलेलं सरळ मदतीतून वजा होतं. नोकरीच्या पगाराचा नियम सौम्य आहे: हातात येणाऱ्या दर पाउंडामागे ५५ पेन्स कापतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोघंही २५ च्या वर, मूलबाळ नाही, दोघांचाही हक्क पक्का. २०२५-२६ साठी अशा जोडप्याची मूळ रक्कम महिना ६२८.१० पाउंड. समजा, भाड्यापोटी ७०० पाउंड मान्य झाले. एकूण १,३२८.१० पाउंड. नवऱ्याचा हातात येणारा पगार १,००० पाउंड असेल तर ५५० वजा. बायकोच्या कर्जातली मोजायची रक्कम वर्षाला ७,२०० पाउंड आणि ती ९ महिन्यांत वाटली, तर महिना ८०० होतात. त्यातले ११० सोडून ६९० वजा. हातात उरतात ८८.१० पाउंड.

उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत कर्ज मोजत नाहीत, तेव्हा हीच मदत ७७८.१० पाउंडांवर जाते. सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं की पुन्हा खाली. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांची तारांबळ उडते. उन्हाळ्यात आलेली रक्कम कायमची समजून जास्त भाड्याचं घर घेतलं, तर हिवाळ्यात हप्ते थकतात.

भाड्याची मदतही प्रत्यक्ष भाड्याइतकी असेलच असं नाही. खासगी घरमालकाकडे राहणाऱ्यांना लोकल हाउसिंग अलाउन्सची मर्यादा असते. ही मर्यादा २०२० नंतर गोठवली होती, एप्रिल २०२४ मध्ये त्या भागातल्या स्वस्त ३० टक्के भाड्यांच्या पातळीवर आणली आणि २०२५ मध्ये पुन्हा गोठवली. भाडी मात्र थांबलेली नाहीत. वरचा फरक खिशातूनच.

व्हिसावरच्या मुलीचं काय?

आपल्याकडच्या बहुतेक घरांचा प्रश्न हा आहे, आणि इथे उत्तर पूर्ण पालटतं. स्टुडंट व्हिसावर एक अट असते: सरकारी निधीचा आधार घ्यायचा नाही. या निधीच्या यादीत युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, कौन्सिल टॅक्समधली उत्पन्नावर आधारित सूट, हे सगळं येतं. मुलीने स्वतः यातलं काही मागणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं. पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ते समोर येऊ शकतं.

मग हक्क असलेल्या नवऱ्याने काय करायचं? युनिव्हर्सल क्रेडिटचा नियम सांगतो की अशा वेळी पात्र जोडीदाराने एकट्याच्या दराने अर्ज करायचा. २०२५-२६ साठी २५ वर्षांवरील एकट्या माणसाची मूळ रक्कम ४००.१४ पाउंड आहे. एकट्याच्या दराने मिळालेली रक्कम हा त्याचा स्वतःचा हक्क. बायकोच्या तिथे असण्यामुळे रक्कम वाढली, तर मात्र तिने सरकारी निधी वापरला असं धरलं जाऊ शकतं. कौन्सिल टॅक्सच्या मदतीसाठी किंवा इतर कुठे जोडपं म्हणून अर्ज टाकण्याआधी हे तपासायलाच हवं.

आता यातली विसंगती पाहा. पैसे देताना बायको हिशेबात नाही. पण पैसे कापताना ती आहे. तिने टर्मच्या काळात परवानगीप्रमाणे आठवड्याला २० तास काम केलं, तर तो पगार नवऱ्याच्या अर्जात उत्पन्न म्हणून धरतात. तिच्या खात्यातली बचतही त्याच्या बचतीत मिळवतात.

बचतीचा हा नियम आपल्या घरांना सगळ्यांत जास्त अडचणीचा. ६,००० पाउंडांपर्यंत बचत असेल तर काही कापत नाहीत. त्यापुढे दर २५० पाउंडांमागे महिना ४.३५ पाउंड उत्पन्न आहे असं मानतात. १६,००० च्या वर गेलं की युनिव्हर्सल क्रेडिट बंद. आता बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून वडिलांनी फीचे पैसे मुलीच्या खात्यात पाठवले, तर ती रक्कम सहज १६,००० ओलांडते. फी भरेपर्यंत ते पैसे तिच्याच नावावर. घरून मदत म्हणून आलेले पैसे एरवी उत्पन्नात धरत नसले, तरी खात्यात पडून राहिले की ते भांडवल म्हणून मोजले जाऊ शकतात. गावाकडे ज्याला कर्ज म्हणतात, त्यालाच तिकडचा अर्ज बचत म्हणू शकतो.

पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे आपोआप हक्क नव्हे

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली राहिली, आणि त्या जोरावर अनेकजण ब्रिटनला गेले. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त वावर संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना ईयू सेटलमेंट स्कीमखाली अर्ज करावा लागला, मुदत ३० जून २०२१ होती.

ज्यांना सेटल्ड स्टेटस मिळालं, त्यांचा मदतीचा हक्क मजबूत आहे. प्री-सेटल्ड असेल तर फक्त त्या कागदावर भागत नाही. नोकरीसारखा आणखी एखादा आधार दाखवावा लागतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मधल्या फ्रातिला खटल्यात सरकारची ही भूमिका मान्य केली. त्यामुळे प्री-सेटल्ड माणसाने नोकरी सोडून पूर्णवेळ शिक्षण घेतलं, तर भाड्याची मदत मागताना त्याची बाजू लंगडी पडू शकते. दुसऱ्या जोडीदाराची नोकरी अशा वेळी फार मोलाची ठरते.

मग मुलीला स्टुडंट व्हिसाऐवजी पत्नी म्हणून का नेत नाहीत? ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी वर्षाला २९,००० पाउंड उत्पन्नाची अट आहे. आधी ती १८,६०० होती. गोदामात किंवा केअर होममध्ये राबणाऱ्या कितीतरी जणांना ती पेलत नाही. आणि तो व्हिसा मिळाला तरी सरकारी निधी नाही, ही अट त्यावरही असतेच. उलट दिशेनेही दार अरुंद झालंय: १ जानेवारी २०२४ पासून संशोधन पदवी आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या सोडल्या, तर विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेता येत नाही.

जे बिनधास्त घेता येतं

सगळंच निषिद्ध नाही. कौन्सिल टॅक्समध्ये पूर्णवेळ विद्यार्थी मोजतच नाहीत. घरात एक कमावता आणि एक विद्यार्थी असेल, तर बिल २५ टक्क्यांनी कमी होतं. सगळेच विद्यार्थी असतील, तर पूर्ण माफी. ही सवलत सरकारी निधीच्या यादीत नाही, त्यामुळे व्हिसावरच्या मुलीनेही कॉलेजचं पत्र देऊन ती जरूर घ्यावी. अनेकजण भीतीपोटी हीच सोडतात आणि नको तो अर्ज भरून बसतात.

"आम्ही वेगळे राहतो असं लिहून टाकू" ही पळवाट तर मुळीच नको. एक घर, एकत्र खर्च, नवरा-बायकोसारखं राहणं, हे तपासणारे पाहतात. खोटी माहिती दिली तर पैसे परत द्यावे लागतात आणि फसवणुकीचा खटलाही होऊ शकतो. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही हाच नियम. नुसते मित्र म्हणून घर वाटून घेणारे मात्र जोडपं ठरत नाहीत.

अर्ज करण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: दोघांच्या व्हिसावर किंवा स्टेटसवर नेमकं काय लिहिलंय, दोघांच्या खात्यांत त्या दिवशी किती रक्कम आहे, आणि कर्ज कोणत्या प्रकारचं आहे. सिटिझन्स अॅडव्हाइस आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचा सल्ला कक्ष ही माहिती फुकट देतात. व्हिसाबद्दल सल्ला देण्यासाठी ब्रिटनमध्ये अधिकृत परवानगी लागते, तेव्हा ओळखीच्या एजंटच्या शब्दावर फॉर्म भरू नये.

ब्रिटन सरकारची भूमिका अशी की शिकायला येणाऱ्याने आपला खर्च आपण पेलावा. त्यावर वाद होऊ शकतो, पण भूमिका स्पष्ट आहे. अडचण आहे ती जोडप्याकडे पाहण्याच्या दुटप्पी नजरेची. तिची कमाई आणि बचत घराची, पण तिचं छप्पर फक्त तिचं. हा नियम बदलेपर्यंत भाड्याचं गणित लग्न ठरवताना आणि ऑफर लेटर हातात आल्यावर इथेच, घरी बसून मांडायला हवं. तिथे पोचल्यावर मदत मिळेल या भरवशावर कर्जाचा आकडा ठरवू नये.