मंद हाताला किती मुदत द्यावी?

घरोघरी काम वाटून माल तयार करणाऱ्यांचे एक जुने दुखणे आहे. वीस कारागिरांचे काम वेळेवर येते, दोघांचे येत नाही, आणि त्या दोघांपायी सगळी ऑर्डर अडते. हेच दुखणे संगणकाच्या दुनियेतही आहे. तिथला इलाज आपल्या व्यापारी-कारागिरांनी पाहण्याजोगा आहे.

१९९९ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' सुरू केले. परग्रहावरून काही संकेत येतात काय, हे रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत शोधायचे होते. नोंदी अफाट, म्हणून त्यांचे तुकडे पाडून जगभरच्या घरगुती संगणकांना वाटले. मजुरी नाही, सगळे खुशीचे काम. २०२० मध्ये ते वाटप थांबले, रीत मात्र टिकली. २००५ पासून 'आइन्स्टाइन ॲट होम' लायगो वेधशाळेच्या नोंदी याच रीतीने तपासते. भारतातील लायगो तर आपल्या मराठवाड्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली.

उद्या येडशीच्या एखाद्या दुकानदाराने हिशेबाचा जुना संगणक या कामाला लावला, तर तो मंदच ठरणार. रात्री दुकान बंद, दिवसा वीज गेली की तेवढा वेळ बुडाला. तरी त्याला कोणी घालवून देत नाही. संगणकाचा वेग आणि तो किती तास चालतो, हे पाहून बेताचेच काम पाठवतात. प्रत्येक तुकड्याला मुदत असते, बहुधा चौदा दिवसांची. ती टळली की तोच तुकडा मुकाट्याने दुसऱ्याकडे जातो. तगादा नाही, तंटा नाही. झालेले काम मध्येमध्ये जपून ठेवले जाते, म्हणून वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. उशिरा आलेला निकालही, तो तुकडा अजून मिटलेला नसेल तर, बहुधा पदरात घेतात. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पात एकेक काम महिनोन्‌महिने चाले. तिथे झालेल्या भागाचे गुण वाटेतच मिळत.

'फोल्डिंग ॲट होम'चा कायदा कडक आहे. प्रथिनांच्या घड्यांच्या या अभ्यासात आधीच्या तुकड्याचा निकाल आल्याशिवाय त्याच्या पुढचा तुकडा तयारच होत नाही. म्हणून लवकर देणाऱ्याला जादा गुण. मला हा पक्षपात वाटत नाही. काज-बटणवाला शिलाईसाठी खोळंबला असेल, तर तिथे घाईचे जादा पैसे द्यावेतच.

पण जिथे प्रत्येक नग सुटा आहे, तिथे आपण उगाच घाई करतो. चपळ कारागिराइतकाच गठ्ठा नवख्याच्या गळ्यात मारतो, मग उशीर झाला म्हणून मजुरी कापतो. 'मंद' असे एकदा नाव पडले की त्याच्या दारी काम फिरकत नाही, आणि चांगला हात धंद्यातून जातो. संगणकाला पोट नसते, आणि एकच कापड दोघांना देता येत नाही, हे खरे. तरी त्याचा गठ्ठा बांधतानाच लहान बांधता येतो, आणि झालेल्या नगांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती करता येते.