रोमच्या फौजेवरचा आळ

रोम का बुडाले, या प्रश्नाला आपल्याकडच्या व्याख्यानांत एक ठरीव उत्तर मिळते. नुकतेच एका विद्वान वक्त्यांनी ते पुन्हा ठासून दिले. रोमन नागरिक चैनीत लोळू लागला, त्याने तलवार खाली ठेवली, गॉथ, फ्रँक, व्हँडल असल्या परक्यांना फौजेत भरले आणि त्या परक्यांनीच शेवटी घर लुटले. उरलासुरला बाणा ख्रिस्ती धर्माने विझवला. चार शतकांचा गुंता चार वाक्यांत निकाली! टाळ्याही पडल्या. मला मात्र संताप आला, कारण या मांडणीत ज्यांच्याशी दगाफटका झाला त्यांनाच दगाबाज ठरवले आहे.

चैनीचे आधी बघू. चैन करत होते ते मोठे जमीनदार. फौजेत जात होता तो डॅन्यूबकाठचा आणि इलिरियातला कुणबी, त्याच्या ताटात चैन कधी आलीच नव्हती. भरती टाळायला माणसे अंगठे तोडून घेत, हे खरे. ३८१ च्या एका कायद्याने तर अंगठा तोडलेले दोन इसम हे एका धडधाकट माणसाच्या बदली घ्यावेत असे ठरवले. पण हा ऐषारामाचा पुरावा नाही, सक्तीचा आहे. जमीनदार कामाचा गडी शेतावर राखून निकामी माणूस सरकारला देत, किंवा माणसाऐवजी सोने भरून मोकळे होत. धर्माला एक ओळ पुरे: पूर्वेकडचे साम्राज्यही तितकेच ख्रिस्ती होते आणि ते १४५३ पर्यंत टिकले. रोम शिशाच्या नळांतल्या विषाने बुडाले असे सांगणाऱ्यांना तर मी उत्तरही देत नाही.

खरा वाद परक्यांचा. रोमच्या भर वैभवाच्या काळातही निम्म्याच्या आसपास फौज नागरिक नसलेल्यांची होती, हे वक्त्यांना ठाऊक नसेल असे नाही. ते सांगणे सोयीचे नव्हते. आता ३७६ साल घ्या. हूणांच्या भीतीने गॉथांचे लोंढे डॅन्यूबवर आले आणि आत घ्या म्हणून विनवू लागले. सम्राट वालेन्सचा दरबार खूश झाला, कारण फौजेला फुकट माणसे मिळणार आणि प्रांतांकडून रंगरुटांऐवजी सोने उकळता येणार. पुढचे अम्मियानुस मार्केलिनुसने लिहून ठेवले आहे. तो स्वतः जुना लष्करी अधिकारी, गॉथांचा कैवारी मुळीच नव्हे. लुपिकिनुस आणि माक्सिमुस या दोन अधिकाऱ्यांनी या उपाशी लोकांना कुत्री विकली आणि एकेका कुत्र्याच्या बदल्यात एकेक माणूस गुलाम म्हणून घेतला. त्यात सरदारांची मुलेही होती. मग मार्कियानोपोलिसला मेजवानीला बोलावून लुपिकिनुसने त्यांच्या पुढाऱ्यांचे रक्षक कापून काढले. त्या पुढाऱ्यांतला फ्रितिगेर्न निसटला आणि युद्ध पेटले. ९ ऑगस्ट ३७८ रोजी आद्रियानोपलला पुतण्या ग्रातियानच्या कुमकेची वाट न पाहता वालेन्स लढाईत उतरला. तो मेला, आणि फौजेचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला.

याच्या पुढचे पान वक्त्यांनी उलटलेच नाही. पूर्वेच्या शहरांत आधीपासून पांगलेले गॉथ होते, त्यांनी बंड केले नव्हते. सेनापती युलिउसने त्यांना पगार देतो म्हणून शहराबाहेर बोलावले आणि एकाच दिवशी मारून टाकले. पगाराच्या रांगेत! अम्मियानुस या कामाची तारीफ करतो.

तीस वर्षांनी इटलीत हेच घडले. सेनापती स्टिलिकोचा बाप व्हँडल, आई रोमन, सारी हयात साम्राज्याच्या चाकरीत गेली. २२ ऑगस्ट ४०८ रोजी राव्हेन्नात त्याचा शिरच्छेद झाला. सोडवायला धावलेल्या आपल्या माणसांना त्यानेच आवरले. त्याच्या मृत्यूनंतर शहरोशहरी रोमन शिपायांनी परक्या सैनिकांच्या बायकामुलांना कापले, घरे लुटली. ते सैनिक उठून गॉथांचा राजा अलारिककडे गेले. इतिहासकार झोसिमस त्यांचा आकडा तीस हजारांवर देतो; तो फुगवलेला धरा, अर्धा करा, तरी या माणसांना शत्रूच्या छावणीत कोणी ढकलले हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट ४१० मध्ये त्याच अलारिकने रोम लुटले.

मागे एका मासिकातल्या वादात मला बजावले होते की स्टिलिको हा अपवाद, अपवादांवर इतिहास रचू नये. मग ४०० साली गाइनासच्या बंडखोर गॉथांना हेलेस्पाँटवर बुडवणारा फ्राविटा कोण होता? गॉथच. तो पुढच्या वर्षी कॉन्सुल झाला. ३९४ मध्ये फ्रिगिडुसच्या लढाईत सम्राट थिओडोसियससाठी आघाडीवर मेले तेही गॉथ, आणि ख्रिस्ती इतिहासकार ओरोसियस त्यांचे मरण रोमचा फायदा म्हणून मोजतो. शिवाय ३५१ ला मुर्साच्या रणात जे हजारो पडले, ते दोन रोमन सम्राटांच्या भांडणात पडले. तिथे कुठल्या परक्याचा दोष काढणार?

माझे म्हणणे थोडक्यात असे. त्या जगात फौज म्हणजे शेतसारा. धान्य, कपडा, घोडा, पगार, सगळे शेतातून निघे, आणि सारा तुटला की शिपाई कोणत्याही रक्ताचा असो, तो टिकत नसे. डॅन्यूबकाठी, नोरिकम प्रांताच्या सीमेवर, बाताविसच्या शेवटच्या तुकडीने पगार आणायला आपली काही माणसे इटलीला पाठवली, ती वाटेत मारली गेली. एवढ्यावर ती शिबंदी संपली. पश्चिमेचा सर्वांत भरवशाचा सारा उत्तर आफ्रिकेचा. व्हँडलांचा राजा गैसेरिक ४२९ मध्ये समुद्र ओलांडून तिथे गेला आणि १९ ऑक्टोबर ४३९ रोजी त्याने कार्थेज घेतले, तेव्हा तो सारा तुटला. पूर्वेकडे मात्र इजिप्त, सिरिया शाबूत राहिले, म्हणून तिथे गॉथ आणि इसौरियन भरलेली फौजसुद्धा पोसता आली. तिसऱ्या व्हालेंटिनियनच्या दरबाराने ४४४ च्या सुमारास खरेदीविक्रीवर नवा कर बसवला, तेव्हा कायद्यातच कबूल केले की पिचलेल्या करदात्यांकडून नव्या भरतीला सोडाच, जुन्या फौजेलाही पुरेसे अन्नवस्त्र देण्याइतके निघत नाही. परक्यांच्या भरतीचे गाऱ्हाणे त्या कबुलीत नाही.